आपल्या गावाचा इतिहास गावातच फिरून कसा शोधायचा? (पांढर, वेस, वीरगळ, बारव, शीव वगैरे)

काळीपांढरी

नमस्कार मंडळी,

आमच्या गावातल्या पोरांनी यात्रेच्या आधी गावाचा इतिहास लिहून काढायचं ठरवलंय आणि ते काम मी आनंदानं अंगावर घेतलंय. गाव नगर जिल्ह्याच्या (आता अहिल्यानगर) दक्षिण पट्ट्यात, कोरडवाहू, ज्वारी बाजरी तूर हरभरा, आणि विहिरीला पाणी असेल तिथं कांदा. किल्ला नाही, कुठली मोठी लढाई झाली नाही. म्हाताऱ्या माणसांना विचारलं की दोन गोष्टी हमखास सांगतात, एक म्हणजे महादेवाचं देऊळ पांडवांनी एका रात्रीत बांधलं आणि कोंबडा आरवला म्हणून कळस राहून गेला, आणि दुसरं गढीखाली धन आहे. त्याच्या पुढं गाडी जात नाही.

पण मला वाटतं आपल्या शेतकरी गावांचा इतिहास राजांच्या यादीत शोधायला गेलं की काहीच सापडत नाही आणि मग लोक म्हणतात आमच्या गावाला इतिहासच नाही. तो जमिनीत आणि पाण्यात बघावा लागतो. कुठली जमीन कुणाला कशाबद्दल मिळाली, पाणी कुठून यायचं, कुणी कुठं राहायचं, शीव कुठं आणि ती तिथंच का, हे प्रश्न विचारायला लागल्यापासून मला गावातली रोजची जागासुद्धा वेगळी दिसायला लागलीय.

गावात सध्या जे उभं आहे ते सांगतो. पूर्वेची वेस अर्धी शिल्लक आहे, कमान आहे पण दरवाजा गेला, दरवाजाच्या खालच्या दगडाला बिजागरीची गोल खोबण अजून दिसते. वेशीला लागून मारुती. मारुतीच्या पाराला टेकवून तीन-चार कोरीव दगड ठेवलेत, त्यातल्या एकावर शेंदराचा इतका जाड थर आहे की आत काय आहे कळत नाही, लोक त्याला म्हसोबा म्हणून नारळ फोडतात. ओढ्याकडेला महादेवाचं देऊळ, चुना न वापरता दगडावर दगड बसवलेलं, समोर पायऱ्यांची बारव. गावाच्या मधोमध पांढऱ्या मातीची गढी, बुरूज निम्मे ढासळलेत कारण दोन पिढ्यांनी धाब्याच्या घरावर टाकायला तिथलीच माती नेली. जुनी चावडी आहे, तिच्यात आता रेशनचं दुकान भरतं. एका सावकाराचा वाडा, भिंती दोन हात जाड. आणि माळाच्या अंगाला बहात्तरच्या दुष्काळातला पाझर तलाव.

आणि गावठाणात कुठंही पाया खणला की लाल खापरं निघतात, राख निघते, हाडं निघतात.

तर ज्यांनी आपापल्या गावाचं असं काम केलंय त्यांनी सांगा, सुरुवात कुठून करायची आणि काय बघायचं राहून जातं.

---

दगडधोंडे

फार चांगला विषय काढलात, गावोगाव असं कुणीतरी करायला पाहिजे.

आधी खापरांबद्दल, कारण ती सगळ्यात जुनी असू शकतात. नदीकाठच्या गावांची पांढर म्हणजे बरेचदा जुन्या वस्तीचं टेकाड असतं. एकाच जागी शेकडो वर्षं माणसं राहिली, मातीची घरं पडली, त्यावर परत बांधली, चुलीची राख, शेण, कचरा साचत गेला आणि त्या मातीचा रंग शेतातल्या काळ्या मातीपेक्षा वेगळा झाला. तुमच्याच जिल्ह्यात जोर्वे, नेवासे, दायमाबाद ही उत्खननं झालीत. शेजारच्या पुणे जिल्ह्यात, शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठावर इनामगाव आहे, तिथं १९६८ पासून पुण्याच्या डेक्कन कॉलेजनं बरीच वर्षं खणलं आणि इ.स.पू. १६०० ते ७०० च्या दरम्यानचं अख्खं शेतकरी गाव वर आलं. जव हे मुख्य पीक, शिवाय गहू आणि कडधान्यं, घरांच्या ओळी, धान्य साठवायच्या बळदांच्या खुणा, आणि नदीचं पुराचं पाणी वळवून घेतलेला पाट सुद्धा! लहान मूल गेलं तर दोन रांजण तोंडाला तोंड लावून त्यात ठेवून घराच्याच जमिनीखाली पुरायचे. म्हणजे आपल्या या कमी पावसाच्या मुलखात पाट काढून शेती करायची अक्कल तीन हजार वर्षांपूर्वीची आहे, हे मला फार मोठं वाटतं.

तुमची खापरं त्या काळातली असतीलच असं नाही, सातवाहन काळातली असतील किंवा दोनशे वर्षांपूर्वीची पण असू शकतात. नारिंगी-लाल भांड्यावर काळ्या रंगानं रेघा, चौकटी, त्रिकोण असे असतील तर मात्र लगेच फोटो काढा, कुठं आणि किती खोल निघालं ते लिहा आणि एखाद्या पुरातत्त्वाच्या माणसाला दाखवा. स्वतः खणू नका.

आता पाराजवळचे दगड. ते बहुतेक वीरगळ असणार. उभी शिळा, आडवे तीन किंवा चार कप्पे, वाचायचं खालून वर. सगळ्यात खाली लढाई किंवा पडलेला वीर, त्याच्यावर अप्सरा त्याला वर घेऊन जाताना, त्याच्या वर तो शिवलिंगाची पूजा करतोय, माथ्यावर कलश आणि बाजूला चंद्र सूर्य. खालच्या कप्प्यात गाई कोरलेल्या आहेत का ते मुद्दाम बघा. गाई असतील तर तो माणूस गावाची जनावरं पळवून नेणाऱ्यांशी लढताना मेला. कुठल्या राजासाठी मेला नाही, गावाच्या गुरांसाठी मेला. शेतकरी गावात यापेक्षा मोठं स्मारक दुसरं काय असणार? तुम्ही म्हणता मोठी लढाई झाली नाही, पण गावातल्या माणसाच्या दृष्टीनं ती लढाई तुमच्या मारुतीपाशी कोरून ठेवलेली आहे.

कोपरातून वाकवलेला हात आणि हातात बांगड्या असा दगड असेल तर सतीशिळा. आणि खाली गाढव आणि बाई कोरलेली असेल तर गधेगाळ, म्हणजे दिलेलं दान जो मोडेल त्याला घातलेली शिवी. ती दिसायला ओंगळ म्हणून लोक लपवतात किंवा उलटी टाकतात, पण कागद म्हणून तिची किंमत सगळ्यात जास्त, कारण जमिनीच्या दानाचा लेख बरेचदा तिच्यावरच असतो. अलिबागजवळच्या अक्षीचा शिलालेख गधेगाळच आहे, शके ९३४ असं त्याचं वाचन केलंय आणि मराठीतल्या सगळ्यात जुन्या लेखांत तो धरतात.

देवळाबद्दल एकच. चुना न वापरलेलं देऊळ दिसलं की आपण सरसकट हेमाडपंती म्हणतो. हेमाडपंत हा देवगिरीच्या यादवांचा मंत्री, तेराव्या शतकातला, पण ही बांधणी त्याच्या आधीपासून आहे, अंबरनाथच्या देवळातला लेख शके ९८२ म्हणजे इ.स. १०६० चा आहे. त्यामुळं इतिहासात "हेमाडपंतानं बांधलं" असं छापू नका, "चुन्याशिवाय बांधलेलं, यादवकाळाच्या सुमाराचं असावं" एवढं पुरे.

---

मोडीचा_नाद

मी कागदांचं सांगतो, कारण दगड बघायला सगळे जातात आणि कागदाकडं कुणी जात नाही.

पहिलं काम म्हणजे भूमी अभिलेख कार्यालयातून जुना गाव नकाशा काढा. इंग्रजांची मोजणी आपल्या भागात १८३० च्या दशकात लागू झाली, इंदापूरपासून गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी जी पद्धत बसवली तीच पुढं सगळीकडं गेली. तेहतीस फुटी साखळी, एक साखळी लांब एक साखळी रुंद म्हणजे एक गुंठा, चाळीस गुंठे म्हणजे एकर, हे आपण आजही वापरतोच. त्या नकाशात जुने गाडीरस्ते, ओढे, विहिरी, देवळं, शिवेचे दगड सगळं असतं. नंतर १९४७ च्या कायद्यानं एकत्रीकरण झालं तिथं सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले आणि जुन्या वहिवाटा नकाशावरून पुसल्या, म्हणून एकत्रीकरणाच्या आधीचाच नकाशा मागा. त्याच्याबरोबर टिपण (मोजणीच्या वेळचा शेताचा कच्चा नकाशा) आणि आकारफोड (जमिनीच्या वाटणीप्रमाणे साऱ्याची फोड) मिळालं तर सोनं.

तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये गाव नमुना १४ बघा, ज्याला लोक कोतवाल बुक म्हणतात, त्यात जन्ममृत्यूच्या नोंदी असतात, जुन्या बऱ्याच मोडीत. एखाद्या वर्षी पानंच्या पानं मृत्यूनं भरलेली दिसली की समजायचं गावात पटकी किंवा प्लेग आला होता. मराठी शाळेचं जनरल रजिस्टर पण बघा, पहिली मुलगी शाळेत कधी आली, गावकुसाबाहेरचं पहिलं पोर कधी आलं, हे त्यात तारखेनिशी सापडतं आणि मला विचाराल तर ती तारीख गावाच्या इतिहासात ठळक छापली पाहिजे.

त्याच्या मागं जायचं तर पुण्याचं पुरालेखागार, तिथं पेशवे दप्तर आहे. गावात देवाचं, पाटलाचं, कुणा शास्त्र्याचं इनाम असेल तर सनद किंवा चौकशीचे कागद मिळू शकतात, कारण १८५२ च्या कायद्यानं इनाम कमिशन बसलं तेव्हा इनामदारांना आपला हक्क शाबीत करावा लागला आणि गावोगावचे जुने कागद सरकारजमा झाले. भारत इतिहास संशोधक मंडळातही चौकशी करा. आणि नगर जिल्ह्याचं १८८४ चं गॅझेटियर जरूर वाचा, त्यात छोट्या गावांचीही नोंद असते, बाजाराचा वार, देऊळ, यात्रा असं.

सावकाराच्या वाड्याचं तुम्ही एका ओळीत उरकलंत, पण मला तो तुमच्या यादीतला सगळ्यात बोलका वाटतो. १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांची घरं दुकानं लुटली, कर्जरोखे बाहेर काढून जाळले, आणि मग ते लोण पुणे आणि नगर जिल्ह्यात पसरलं, तुमच्याकडं पारनेर, श्रीगोंदा, कर्जत या भागात. अमेरिकेतल्या यादवी युद्धात कापसाला भाव आला होता तो युद्ध संपल्यावर कोसळला, सारा वाढवून बसवलेला, सावकारानं उधारी बंद केली, सगळं एकदम आलं. बहुतेक ठिकाणी माणसाला हात लावला नाही, रोखे मागितले. त्यातूनच १८७९ चा डेक्कन शेतकरी कायदा आला. त्या वाड्याची भिंत दोन हात जाड का आहे, दरवाजाला आतून अडसर कसा आहे, खिडक्या किती उंचावर आहेत, हे सगळं मोजून लिहा. आणि त्या घरातल्या लोकांशीही बोला, त्यांची बाजू पण गावाचीच बाजू आहे.

---

काळीपांढरी

दोघांचेही मनापासून आभार. गाईंचं वाचून लगेच पाराकडं जाऊन आलो. एका दगडावर खालच्या कप्प्यात शिंगांची जनावरं स्पष्ट दिसतायत, तीन ओळीत. लहानपणापासून त्याच दगडाला टेकून बसत आलोय आम्ही सगळे.

शेंदराच्या दगडाचं काय करायचं? पोरं म्हणतायत खरवडून काढू.

---

दगडधोंडे

खरवडू नका! हातोडी, तारेचा ब्रश, ॲसिड यातलं काहीही लावू नका, शेंदराबरोबर कोरीव काम पण निघून येतं. शिवाय तो लोकांचा देव आहे, पुजाऱ्याला आणि गावाला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. जाणकार माणूस आणून, गावाला सांगून, हळूहळू काढता येतो. नाही काढला तरी हरकत नाही, जसा आहे तसा फोटो घ्या.

बाकीच्या दगडांचे फोटो भर दुपारी काढू नका, कोरीव काम सपाट दिसतं. सकाळी लवकर किंवा उन्हं कलल्यावर काढा, नाहीतर रात्री टॉर्च दगडाच्या बाजूनं तिरपी धरून, मग पुसट अक्षरं पण उठून दिसतात. अक्षरांत खडू, हळद, पीठ भरायचं नाही.

---

वेशीबाहेर

सगळं वाचतोय. चांगलं चाललंय पण एक गोष्ट राहतेय म्हणून लिहितो.

माझे आजोबा येसकर होते. वेशीचा दरवाजा रात्री लावायचा, सकाळी उघडायचा, गावात कोण आलं कोण गेलं त्याच्यावर नजर ठेवायची, सरकारी माणूस आला की पुढं धावायचं, सारा तालुक्याला पोचवताना बरोबर जायचं, मेलेलं जनावर ओढायचं, हे सगळं महारकीचं काम. आणि राहायला वेशीच्या बाहेर. ज्यानं वेस राखली त्याचं घर वेशीच्या आत नाही. तुम्ही वेशीचा फोटो टाकाल, कमान मोजाल, पण वेस कुणासाठी बंद व्हायची आणि कोण बंद करायचं हे लिहिलं नाही तर वेशीचा इतिहास झाला असं मी म्हणणार नाही.

दुसरं, दोन गावांत शिवेचं भांडण लागलं की महाराची साक्ष मोठी मानायचे, तो शीव चालून दाखवायचा आणि त्याच्या मागून सगळे जायचे. कारण गावाची शीव त्याच्याइतकी कुणाच्याच पायाखाली नव्हती. म्हणजे गावाचा नकाशा आमच्या लोकांच्या डोक्यात होता. तुमच्याही गावात आमच्या वस्तीतला कुणी म्हातारा असेल त्याच्याबरोबर शीव चाला, पाटलाच्या वाड्यावर जे कळणार नाही ते तिथं कळेल.

जमिनीच्या नावातही बघा, हाडकी हाडोळा नावाचं शेत असेल तर ती वतनाची जमीन. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात वतन कायद्यात दुरुस्तीचं बिल आणलं होतं, त्या तुटपुंज्या जमिनीपायी आणि बलुत्याच्या पेंढीपायी अख्खी जात सरकारच्या आणि गावाच्या कामाला बांधली जाते हे त्यांनी मांडलं. ती वतनं शेवटी १९५८ च्या कायद्यानं गेली. मग ती जमीन कुणाच्या नावावर राहिली, कुणाच्या नावावर गेली, हे फेरफार काढून बघा. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर गावात कुठली कामं बंद झाली, त्यावरून काय झालं, हेही विचारा. ते अजून सांगणारी माणसं आहेत, थोडी आहेत.

आणि पाणवठे. कुठली विहीर कुणाची होती ते विचारा. महाडला चवदार तळ्यावर २० मार्च १९२७ ला जे झालं ते प्रत्येक गावात कधीतरी झालेलं आहे किंवा व्हायचं राहिलंय. तुमच्या बारवेत पायऱ्या उतरायची परवानगी कुणाला होती, आणि सगळ्यांना कधीपासून झाली?

---

काळीपांढरी

तुमचं वाचून मी काहीही उत्तर न देता आधी आमच्या बुद्धविहाराकडं गेलो. तिथले एक आजोबा शीव चालायला तयार आहेत, गुडघे दुखतात म्हणून काही भाग गाडीवर जाऊ म्हणाले. बारवेचं विचारल्यावर ते म्हणाले त्यांच्या लहानपणी पायऱ्या उतरायच्या नाहीत, वर उभं राहायचं आणि कुणी वाढलं तर घ्यायचं. बारवेजवळ मी वीसेक पानं लिहून ठेवली असती कमानीबद्दल आणि कोनाड्यांबद्दल, पण हे वाक्य पहिलं जाणार. त्यांनी परवानगी दिलीय, नाव मात्र नको म्हणाले.

---

पांझराकाठ

आमच्याकडे धुळे-साक्री बाजूला गावाची सगळ्यात मोठी खूण म्हणजे बंधारा आणि फड. पांझरा, मोसम, आरम या नद्यांवर दगडी बंधारे आहेत, काही शतकांपासूनचे. बंधाऱ्यातून पाट निघतो आणि खालची जमीन फडांत वाटलेली, एका फडात त्या वर्षी सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, आणि शेतकऱ्याची जमीन शक्यतो वेगवेगळ्या फडांत थोडी थोडी. म्हणजे कुणा एकाच्याच वाट्याला पाणी असं होत नाही. पाटकरी पाणी द्यायचा, जागल्या पीक राखायचा, हवालदार देखरेख, त्यांना पिकातून मोबदला. शेतकरी स्वतः आपल्या वावराला पाणी द्यायला जातच नव्हता, त्यामुळं भांडण कमी. वर धरणं झाली, विहिरी झाल्या आणि बरेच फड मोडले. तर तुमच्या गावात पण महादेवाच्या ओढ्याला जुना बंधारा, पाटाची मोरी असं काही आहे का बघाच, देवळापेक्षा त्याच्यावर गाव जगलंय.

---

धानाची_बांधी

भंडाऱ्याकडून हजेरी. आमच्याकडे वेस, गढी असं तुमच्यासारखं फार नाही, आमच्याकडे तलाव. मालगुजारी तलाव म्हणतात, म्हणजे गावचा सारा गोळा करणाऱ्या मालगुजारांच्या काळातले, भंडारा गोंदिया चंद्रपूर गडचिरोलीत हजारोंनी आहेत, त्यातले कितीतरी कोहळी समाजानं बांधलेले, उतार कसा ओळखायचा आणि पाळ कुठं घालायची यात ती माणसं वाकबगार. नवेगाव बांधचा तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असं आमच्याकडे सगळे सांगतात. १९५० च्या कायद्यानं मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे गेले, आणि गाळ काढायचं गावाचं काम कुणाचंच राहिलं नाही. धानाची शेती त्या तलावाच्या भरवशावर होती. गावाच्या इतिहासात तलाव कधी बांधला यापेक्षा त्याची डागडुजी कधी थांबली हे शोधा, गावाचं अवघड होत गेलेलं तिथून कळतं.

---

माहेरचा_पार

इतक्या वेळात कुणी बायकांना विचारा असं म्हटलं नाही म्हणून लिहिते :)

गावातल्या म्हाताऱ्या बायकांना "गावाचा इतिहास सांगा" म्हटलं तर त्या म्हणतील आम्हाला काय माहीत बाई, आम्ही तर लग्न करून आलो. तसं विचारूच नका. विचारा की तुम्ही लग्न होऊन आलात तेव्हा पाणी कुठून आणायचात, दळण कुठं, धुणं कुठं, जळण कुठल्या रानातून, सरपणाची वाट कुठली, बाळंतपणाला कोण यायचं, सटवाई कुठं पुजायची. मग त्या थांबत नाहीत. पाण्याच्या कडेला सात दगड मांडलेल्या साती आसरा, शेताच्या बांधावरचा म्हसोबा, माळावरची मरीआई, या जागा पुरुषांच्या यादीत येतच नाहीत, आणि गावातल्या निम्म्या माणसांच्या वहिवाटीच्या खुणा त्याच आहेत.

बहात्तरच्या दुष्काळाचं तर त्यांनाच विचारा. पाझर तलाव तुम्ही एका ओळीत लिहिलाय. त्या तलावाच्या भिंतीवर माती टाकणाऱ्यांत अर्ध्याअधिक बाया होत्या, कडेवर पोर, डोक्यावर पाटी. खडी फोडली, रस्त्याची कामं केली, लाल मिलो खाल्ली, कामावर सुकडी मिळायची. कुणाकुणाची गुरं छावणीत मेली. पुढं रोजगार हमीचा कायदा १९७७ मध्ये झाला आणि मग देशभर तशी योजना आली, ती आमच्या आयांनी उन्हात केलेल्या कामाच्या अनुभवावर उभी आहे असं मी मानते. त्या कामावर गेलेल्या बायका आता सत्तर-ऐंशीच्या आहेत. त्यांची नावं लिहा, त्यांना विचारून. तलावापाशी पाटी लावायची झाली तर त्यावर पुढाऱ्याच्या आधी ही नावं यावीत.

जात्यावरच्या ओव्याही विचारा, ओवीत गावाची, देवांची, बाजाराच्या वारांची नावं येतात. मोबाईलवर आवाज रेकॉर्ड करून ठेवा, नुसतं लिहू नका, चालीशिवाय त्यांना पुढचं आठवत नाही.

आणि सतीशिळेबद्दल. तिथं हळदकुंकू वाहतात ते ठीक, पण इतिहासात लिहिताना गौरव म्हणून लिहू नका एवढी विनंती आहे. त्या बाईचं नावसुद्धा कोरलेलं नसतं बहुतेक वेळा.

---

काळीपांढरी

ताई, लिहिलंत ते फार बरं केलंत. माझ्या आईनं त्याच तलावावर काम केलंय आणि मी तिला आजवर कामाच्या तपशिलाचं कधी विचारलं नव्हतं, काल विचारलं तर जेवणं राहून गेली इतकं तिनं सांगितलं. मोजमापाला कोण यायचं, हजेरी कशी मांडायचे, एका टोळीत किती जण, पाटीत माती कमी भरली तर काय. सगळं रेकॉर्ड करतोय.

बारव साफ करायला सुरुवात झालीय. प्लास्टिक आणि गाळ बराच आहे. एकाच बाजूनं पायऱ्या आहेत, समोरच्या भिंतीत मोटेचे दोन दगडी हात पुढं आलेले, वर थारोळं (मोटेचं पाणी पडायचं दगडी कुंड) आहे आणि बैलांच्या धावेची चढण अजून ओळखू येते. म्हणजे पिण्याचं पाणी आणि शेताचं पाणी दोन्ही एकाच बारवेतून. धावेचा उतार बघितल्यावर मला पहिल्यांदा समजलं की बैल मोट ओढत उताराला जायचे, वजन आपोआप कामाला यायचं, किती विचार करून बांधलंय.

---

दगडधोंडे

एकाच बाजूनं पायऱ्या असतील तर नंदा, दोन बाजूंनी भद्रा, तीन जया, चार विजया असे बारवांचे प्रकार वास्तुग्रंथांत दिलेत. मोटेची बारव बघायचीच असेल तर साताऱ्याजवळ लिंब गावातली बारा मोटांची विहीर बघून या, तिच्यावर शिलालेख आहे, शके १६४१ ते १६४६ मध्ये वीरूबाई भोसले यांनी बांधली. आत चक्क बसायची दालनं आहेत.

साफसफाईत एक सांभाळा, गाळात कोरीव दगड, नाणी काही निघालं तर फोटो काढून ग्रामपंचायतीत आणि तहसीलला कळवा. गुप्तधनाचा १८७८ चा कायदा आजही लागू आहे, घरी नेलं तर अडचणीत याल. आणि दुरुस्ती म्हणून सिमेंट भरू नका, दगडांच्या फटीतून पाझर येतो तो बंद होतो. आमच्या शेजारच्या गावात जीर्णोद्धारात वीरगळ देवळाच्या भिंतीत सिमेंटनं बसवले आणि वर ऑइलपेंट दिला, आता तीन कप्प्यांतला एकच ओळखता येतो. यात्रेच्या आधी रंगरंगोटी निघते, तेव्हा कमिटीला आजच सांगून ठेवा.

---

दुष्काळी_मराठवाडा

मराठवाड्यातल्या कुणी हे वाचत असेल तर आपल्याकडं कागद वेगळे आहेत. निजामाच्या राज्यातलं रेकॉर्ड बरंचसं उर्दूत, साल फसली, म्हणजे महसुलाचं वर्ष. सातबाराच्या आधीचं बघायला खासरा पत्रक आणि पाहणी पत्रक मागायचं. आणि सप्टेंबर १९४८ चा पोलीस ॲक्शनचा काळ विचारताना जपून, दोन्ही बाजूच्या घरांत माणसं गेलीत, गावात कोण कुणाच्या घरात लपून वाचलं हे पण विचारा, अशा गोष्टी प्रत्येक गावात आहेत आणि कुणी लिहीत नाही.

---

काळीपांढरी

मोडीवाले दादा, एक मदत पाहिजे. महादेवाच्या देवळाच्या उंबऱ्याजवळ दगडावर "शके १६…" पुढचा आकडा फुटलेला, आणि गढीवाल्यांच्या घरी एक मोडी कागद आहे त्यावर कुणीतरी "सुहूर सन" म्हणून पेन्सिलीनं वर लिहिलंय. साल कसं काढायचं?

---

मोडीचा_नाद

शके असेल तर ७८ मिळवा, पौषानंतरची तिथी असेल तर ७९ होतात. शुहूर सन (जुन्या मराठी कागदांतली अरबी पद्धतीची कालगणना) असेल तर ५९९ किंवा ६००, महिना बघून. फसली असेल तर ५९० किंवा ५९१. म्हणजे तुमचा उंबऱ्याचा लेख सतराव्या शतकाच्या शेवटापासून अठराव्याच्या उत्तरार्धापर्यंतचा, साधारण १६७८ ते १७७७ मधला कुठलाही. देऊळ त्याच्या कितीतरी आधीचं असेल तर तो लेख दुरुस्तीचा समजा, कुणी दिवा लावायची सोय केली, पायरी बसवली असा. मोडी कागदाचा फोटो चारी कोपरे दिसतील असा पाठवा, मागच्या बाजूचा पण, शिक्का बहुतेक मागं असतो.

बाकी नकाशा हातात आला की एक काम सगळ्यांच्या आधी करा. गट नंबरांवर शेतांची जुनी नावं पेन्सिलीनं भरून घ्या. चिंचेचं, खळवाडी, पाटाची पट्टी, हाडोळा, बामणाचं इनाम, मसणवाटीचा तुकडा, जे काय असेल ते, लोक सांगतील तसं, शुद्ध करायला जाऊ नका. एकाच शेताला दोन घरांत दोन नावं असतील तर दोन्ही लिहा आणि कुणी सांगितलं तेही. येसकरआजोबांच्या नातवानं वर सांगितलंय तसं शीव चालणाऱ्या आजोबांना तो नकाशा बरोबर न्या, आणि ताईंनी सांगितलेल्या बायकांना दुसरी प्रत द्या, मग दोन्ही एकावर एक ठेवून बघा.

---

काळीपांढरी

नकाशाचा अर्ज आजच केलाय, दोन प्रतींचा.